जावयाचं माप

आमच्या घरी नुकताच एक बास्केटबॉल खेळाडू आला. आम्ही आणला नाही. लेकीने आणला, आणि तोही नोंदणी कार्यालयात सह्या करून झाल्यावर, म्हणजे माल ताब्यात घेऊन पावती फाडल्यावर. पारखून घ्यायची सोय उरलीच नव्हती. आता आलाच आहे तर हा कितपत चालेल, एवढं पाहणं बाकी होतं, आणि ते काम घरच्यांनी एकमताने माझ्या गळ्यात मारलं.

माझ्याच का, तर मी वजनमापे निरीक्षक. दुकानांतले काटे, वजनं, मापं, कापडवाल्यांच्या पट्ट्या तपासायच्या, खऱ्या निघाल्या तर शिक्का मारायचा, खोट्या निघाल्या तर जप्त करायच्या. असल्या माणसाला लोक घाबरत असतील अशी तुमची समजूत असेल. घाबरत नाहीत, कंटाळतात. मी दुकानात शिरलो की मालकाच्या चेहऱ्यावर जो भाव येतो, तोच मी घरी आलो की हिच्या चेहऱ्यावर येतो. पण त्या दिवशी हीच म्हणाली, "अहो, सगळ्या जगाला मोजत फिरता ना, मग आता ह्यांनाही मोजा. त्या चेंडूतून काही निघणार आहे का, ते एकदाचं सांगून टाका."

प्रश्न गंभीर होता. गावातला एक क्लब नव्याने व्यावसायिक झाला होता. म्हणजे पूर्वी पोरं फुकट घाम गाळायची, ती आता पगार घेऊन गाळणार होती. क्लबाने निवडचाचणी ठेवली होती आणि जावयाला बोलावणं आलं होतं. आमची लेक दवाखान्यात पाळ्या करून दोघांचा संसार ओढत होती. जावयाने तिला शब्द दिला होता की ही शेवटची चाचणी. घेतला तर खेळायचं. नाही घेतला तर चेंडू माळ्यावर जाईल आणि तो स्वतः माझ्या मेहुण्याच्या दुकानात.

मेहुण्याचं गाद्यांचं दुकान आहे. हिचा धाकटा भाऊ. आमच्या लग्नात त्याच्या वडिलांनी दिलेल्या गादीवर मी आजवर झोपत आलो, आणि ती गादी कोणाची आहे हे मेहुण्याने मला एकदाही विसरू दिलेलं नाही. जावयासाठी त्याने गल्ल्यामागे खुर्चीसुद्धा ठेवली होती. फिरती आहे, असं तो येता-जाता सांगायचा. जावई त्या खुर्चीवर बसला असता तर मला उरलेलं आयुष्य मेहुण्यापुढे उभ्याने काढावं लागलं असतं. म्हणजे चाचणी जावयाची असली तरी पणाला काय लागलं होतं ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

आता खेळाडूची पारख कशी करायची? मला बास्केटबॉलमधलं काही कळत नाही. हिला नाही, मेहुण्याला नाही, आमच्या इमारतीत कोणालाच नाही. म्हणून सगळ्यांनी सल्ले दिले. न कळणाऱ्या गोष्टीवर बोलताना आपल्या लोकांचा आवाज कसा खणखणीत लागतो हे मी पुष्कळ वेळा पाहिलं आहे. आणि पारख करायची म्हणजे मोजता येईल असं काहीतरी आधी शोधायचं, ही आपली जुनी खोड. पोराला बुद्धी आहे का हे कळत नाही, मग गुण विचारा. माणूस बरा आहे का हे कळत नाही, मग पगार विचारा. खेळाडूत मोजण्यासारखं काय, तर उंची. ती जावयाकडे भरपूर होती. तो घरात शिरला की खोली आखूड वाटायची.

तेवढ्यात मेहुण्याने बातमी आणली की क्लबाची उंचीची अट आहे. अट ऐकून मी कपाटातून माझी पोलादी पट्टी काढली. ती सरकारी प्रयोगशाळेत तपासून आलेली आहे. तिच्या खरेपणाबद्दल शंका घ्यायची कोणाची छाती नाही. जावयाला भिंतीला टेकवून उभा केला, स्टुलावर चढलो, मोजलं. नऊ मिलिमीटर कमी.

"नऊ मिलिमीटर म्हणजे काहीच नाही," ही म्हणाली.

मी तिला सांगितलं की अशाच काहीच नाहीवर शहरातले निम्मे दुकानदार बंगले बांधतात.

जावई शांत मुलगा. मोठ्यांच्या बोलण्यात बोलत नाही. पण त्या वेळी तो घसा साफ करून म्हणाला, "बाबा, उंचीचं तेवढं नाही. जागेचा प्रश्न आहे. माझी जागा वेगळी..."

पुढचं कोणी ऐकलंच नाही. आमचं घर दोन खोल्यांचं. बाहेरची खोली आम्ही लेक-जावयाला दिली होती. तिथली माझी खिडकीजवळची खुर्ची, जिच्यावर बसून मी निवृत्तीनंतर काय काय करणार याचा विचार करायचो, तीसुद्धा मी आत ओढून घेतली होती. आणि हा म्हणतो, जागेचा प्रश्न. हिच्या हातातला कप तसाच राहिला. आत जाऊन तिने डोळे पुसले आणि मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली की अजून नवेपण उतरलं नाही तर वेगळी जागा पाहिजे झाली. माझंही डोकं फिरलं. पण जावयावर ओरडता येत नाही, तसा कायदाच आहे, म्हणून मी स्टुलावर ओरडलो. ते डगमगत होतं.

लेक पाळीवरून आली तेव्हा हिने सगळं सांगितलं. लेक बूट काढता काढता एवढंच म्हणाली, "त्याला नीट विचारलंत का तुम्ही?" मी म्हटलं, विचारायचं काय, मी मोजलं आहे. त्या दिवसापासून आमच्या घरात जागा या शब्दाला बंदी झाली. सकाळी कोणाला 'जागा हो' म्हणायचीही चोरी.

मी मात्र मनाचा मोठेपणा दाखवून कामाला लागलो. क्लबाला उंचीचा सरकारी दाखला चालेल असं कळलं. दाखला कुठे मिळतो, तर सरकारी दवाखान्यात. तिथल्या बाईंनी जावयाला आपादमस्तक पाहिलं, त्यात त्यांची मान दुखली, आणि मग म्हणाल्या की दाखला देऊ, पण उंचीचं यंत्र बंद आहे. कोणी बंद केलं, असं मी जरा वरच्या पट्टीत विचारलं. सरकारी यंत्र बंद ठेवून जनतेला हेलपाटे घालायला लावणं हा माझ्या खास रागाचा विषय आहे. बाईंनी कोपऱ्यात बोट दाखवलं. यंत्रावर 'वापरास अयोग्य' अशी चिठ्ठी डकवलेली होती. खाली सही माझी.

"तुम्हीच उठवू शकाल ती बंदी," बाई म्हणाल्या. त्यासाठी दुरुस्तीचा अहवाल लागतो. अहवाल लिहायला यंत्र दुरुस्त व्हावं लागतं. दुरुस्तीला मंजुरी लागते, आणि मंजुरी माझ्याच कार्यालयात, माझ्याच वरच्या साहेबांच्या टेबलावर पडली होती, कारण ती पुढे पाठवू नये असा शेरा मीच मारला होता. मी इतकं चोख काम करतो हे मला त्या दिवशी प्रथमच बोचलं.

मग वरच्या मजल्यावरचे ड्रिल मास्तर सरसावले. निवृत्त आहेत, पण शिट्टी अजून गळ्यात असते. त्यांचं म्हणणं, माणूस लोंबकळला की मणके सुटे होतात आणि उंची वाढते. त्यांनी आमच्या दोन खोल्यांमधल्या चौकटीत एक दांडी ठोकली आणि जावयाला लटकायला सांगितलं. अडचण अशी झाली की जावयाने दांडी धरली तरी त्याचे पाय जमिनीवरच. मास्तरांनी गुडघे दुमडायला लावले. त्याने दुमडले. क्षणभर सगळं शास्त्राप्रमाणे चाललं होतं, मग दांडी, चौकट आणि चौकटीवरचा गिलावा अशी तिन्ही एकदम जावयाच्या अंगावर आली. जावयाला काही झालं नाही. मास्तर गिलाव्याकडे बघत म्हणाले, बांधकाम कच्चं आहे. संध्याकाळी इमारतीच्या सचिवांनी येऊन विचारलं की परवानगीशिवाय भिंत का पाडली. मी सांगितलं, जावयाची उंची वाढवत होतो. त्यांनी ते उत्तर चेष्टा समजून माझ्याशी बोलणं सोडलं.

शेवटचा सल्ला मेहुण्याचा, आणि दुर्दैवाने तो खरा निघाला. तो गादी विकताना गिऱ्हाइकाला सांगतो की झोपेत माणूस लांबतो आणि दिवसभर उभं राहून परत आखडतो. मी पहाटे जावयाला अंथरुणातच गाठलं, उठवून लगेच मोजलं, तर अट पुरी होऊन वर दोन मिलिमीटर शिल्लक. संध्याकाळी मोजलं, पुन्हा नऊ कमी. दुसऱ्या दिवशी तेच. मी हादरलो. इतकी वर्षं मी लोखंडी वजनं झिजली म्हणून दुकानदारांना धारेवर धरत आलो, आणि इथे माणूस रोज झिजत होता आणि रोज भरून निघत होता.

"मग सोपं आहे की, दाजी," मेहुणा म्हणाला. "चाचणीला आडवाच न्यायचा."

जावई "पण बाबा, माझी..." असं म्हणाला आणि हिच्याकडे बघून गप्प बसला. नवा जावई. ज्या घरात राहतो त्या घरात सासू एकदा रडून झालेली. त्याने निमूटपणे मान हलवली.

चाचणी दुपारची होती. मेहुण्याने दुकानाचा टेम्पो आणला, त्यात आपल्याकडची उत्तम गादी अंथरली, आणि आम्ही जावयाला अंथरुणातून उचलून, मध्ये कुठेही उभा न करता, जिन्यावरून आडवा खाली नेला. जिन्यातल्या शेजाऱ्यांनी आधी हातातल्या पिशव्या खाली ठेवल्या आणि चेहरे लांब केले. जावयाने त्यांना हात हलवला तेव्हा एक बाई मटकन खाली बसल्या. लेक पाळीवर होती हे देवाने बरं केलं.

जावई टेम्पोत मावेना. पावलं बाहेर राहिली. चौकात वाहतूक पोलिसाने अडवलं. त्याचं म्हणणं, टेम्पोबाहेर आलेल्या लांब मालाला लाल फडकं बांधलेलं नाही.

"माल काय आहे?" त्याने विचारलं.

"जावई," मेहुणा म्हणाला.

पोलिसाने वाकून आत पाहिलं. जावयाने नमस्कार केला. पोलीस बराच वेळ विचार करत होता. नियमांत जावयाबद्दल काही नसावं. शेवटी म्हणाला, असेल जावई, पण बाहेर आलाय. हिने टेम्पोतलंच पुसायचं लाल फडकं जावयाच्या अंगठ्याला बांधलं आणि आम्ही निघालो. मी पुढे बसलो होतो. माझ्या ओळखीचे किमान पाच दुकानदार रस्त्यात दिसले. पाचांच्याही काट्यांवर मी शिक्के मारले आहेत. पाचही जण हसत होते.

क्लबाचं मैदान बंदिस्त. व्यावसायिक झाल्यावर जमीन नवी लाकडी घातली होती, आरशासारखी. एका भिंतीवर उंचीची पट्टी रंगवलेली. तिच्यापाशी पोरांची आणि पोरांच्या बापांची रांग. आम्ही गादीसकट जावयाला रांगेत ठेवलं. कोणी काही विचारलं नाही. इथे प्रत्येक बाप काही ना काही करून आला होता. एकाने पोराचे केस वरच्या दिशेला विंचरले होते, तेही मेण लावून.

नंबर आला. जावयाला उभा केला. क्लबाच्या कारकुनाने आकडा वाचला. अट पुरी होऊन वर बरंच शिल्लक. ही माझ्याकडे बघून हसली. खरं सांगतो, आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात असं हसणं मोजून थोड्या वेळा. मेहुण्याचा चेहरा उतरला, ती फिरती खुर्ची त्याच्या डोळ्यांपुढून फिरत गेली असणार. मीही हसायला तोंड उघडलं.

आणि माझी नजर खाली गेली.

ही सवय आहे. तुम्ही काट्याचा आकडा बघता, मी आधी शून्य बघतो. काटा मोकळा असताना शून्यावर उभा आहे ना, पट्टी शून्यापासून सुरू होते ना. धंद्यातली सगळी चोरी शून्यात असते. भिंत जिथे जमिनीला टेकली होती तिथे शून्य असायला हवं होतं. तिथे चार लिहिलेलं होतं. जमीन नवी घातली, उचलली गेली. भिंतीवरची पट्टी जुनीच राहिली. शून्य लाकडाखाली गाडलेलं. आमच्या जावयाला, त्या मेणवाल्या पोराला, सगळ्यांना क्लब चार सेंटिमीटर फुकट वाटत होता. आम्ही मात्र नऊ मिलिमीटरांसाठी माणूस आडवा आणला होता.

गप्प बसावं. कोणीही बसला असता. मी विचारलं, "शून्य कुठे आहे?"

"कोण शून्य?" कारकून म्हणाला. त्याला तो शेरा वाटला.

मी पुन्हा विचारलं, मोठ्याने. मग समजावून सांगितलं. रांगेतले बाप माझ्याकडे ज्या नजरेने बघू लागले ती नजर मला बाजारातून ओळखीची आहे. मेणवाला बाप म्हणाला, तुमचं काय जातंय? प्रशिक्षक आला, क्लबाचे सचिव आले, वाकून त्यांनी चारचा आकडा पाहिला. सचिव अनुभवी माणूस. म्हणाले, "अहो, आमचा सगळा संघ ह्याच भिंतीवर मोजलेला आहे. भिंत चूक म्हटली तर संघ चूक होईल. तेव्हा भिंत बरोबर आहे." मी काही बोलण्याआधीच ते पुढे म्हणाले, "मात्र तुमच्या उमेदवाराच्या मापाबद्दल हरकत आलेली आहे. तेवढा एक परत मोजावा लागेल."

"हरकत मीच घेतली आहे," मी म्हणालो.

"म्हणून तर दखल घेतली," सचिव म्हणाले.

माझ्या पिशवीत पोलादी पट्टी होतीच. मोजायलाही मलाच सांगितलं. मेहुणा माझ्या कानाशी आला. "दाजी, पट्टी जरा सैल धरा." सैल पट्टी जास्त दाखवते हे ह्याला कसं ठाऊक, हा विचार माझ्या मनात येऊन गेला, तो गाद्या मापून विकतो. पण ती वेळ नव्हती. मी खुर्चीवर चढलो. ही समोर उभी होती, हात जोडलेले नव्हते इतकंच. जावई वर माझ्याकडे बघत होता, आणि खरं म्हणजे त्या पोराने माझ्याकडे वर बघायची ती पहिलीच वेळ. मी पट्टी ताणून धरली. भिंतीशी भांडण करण्यात बराच वेळ उभ्याने गेला होता. झोपून कमावलेली सगळी उंची त्यात खर्च झाली होती.

"नऊ मिलिमीटर कमी," मी वाचलं.

हिने पाठ फिरवली. मेहुणा हळूच म्हणाला, खुर्ची तयार आहे. मी पट्टी गुंडाळत राहिलो, ती दोनदा हातातून सुटली.

प्रशिक्षक इतका वेळ कंटाळून उभा होता. त्याने जावयाला विचारलं, "तू कुठल्या जागेवर खेळतोस?"

जावयाने आधी सासूकडे पाहिलं, तो शब्द उच्चारायची परवानगी मागावी तसं. मग म्हणाला, "मागे. चेंडू पुढे आणायचा आणि पास द्यायचे."

प्रशिक्षकाने कपाळाला हात लावला. उंचीची अट टोपलीखाली खेळणाऱ्यांना होती. पास देणाऱ्याला अट नव्हतीच. "मग याला मोजायला कोणी आणलं?" त्याने कारकुनाला विचारलं. कारकुनाने गादीकडे बोट दाखवलं.

"मग बोलला का नाहीत तुम्ही?" ही जावयाला म्हणाली.

"बोललो होतो, आई. माझी जागा वेगळी आहे म्हणालो होतो."

हिने पुढे होऊन त्याच्या अंगठ्याचं लाल फडकं सोडलं. ते तोवर तसंच होतं.

मग तो खेळला. आमच्या घरात आल्यापासून त्याला खेळताना आम्ही पहिल्यांदा पाहत होतो, हे मी खाली मान घालून नव्हे, रागानेच लिहितो, कारण ज्यांनी ज्यांनी सल्ले दिले त्यांपैकी एकालाही हे सुचलं नव्हतं. मला काही कळलं नाही. तो एकीकडे बघायचा आणि चेंडू दुसरीकडे जायचा. दुकानदार असता तर मी तिथल्या तिथे जप्ती केली असती. पण चेंडू जिथे जायचा तिथे दर वेळी आपला माणूस उभा असायचा.

क्लबाने त्याला घेतलं. करार झाला, पगार ठरला. राखीव म्हणून.

पहिल्या सामन्याला आम्ही सगळे गेलो. आमच्या पुढेच संघाचा बाक, त्यावर जावई. तो बसला तरी इतका लांब की मला मैदान दिसेना, दिसली ती त्याची पाठ. लेकीला दिसत होतं, ती मुद्दाम उभी होती. मेहुणा माझ्या शेजारी. खूप वेळ कळ काढून तो शेवटी म्हणालाच, "आडवा नेला, उभा मोजला आणि ठेवला बसायला. माझ्याकडे तेच होतं, दाजी. वर खुर्ची फिरती होती."

तेवढ्यात प्रशिक्षकाने बोट केलं आणि जावई उठला. थोडाच वेळ होता तो मैदानात. त्याने एकीकडे बघितलं, चेंडू दुसरीकडे गेला, तिथल्या मुलाने तो टोपलीत टाकला. सगळं सभागृह त्या मुलाच्या नावाने ओरडलं. आमची लेक तेवढी दुसरंच नाव घेऊन ओरडत होती.

वर फलकावर खेळाडूंची नावं आणि गुण लागले. मेहुण्याने आमच्या जावयाचं नाव शोधून काढलं, पुढचा आकडा वाचला, आणि माझ्याकडे वळून अगदी सांत्वनाच्या सुरात म्हणाला, "शून्य आहे, दाजी."

मी चष्मा पुसून पाहिलं.

"हो," मी म्हटलं. "आणि जागेवर आहे."